शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात निवेदकांची बडबड: सम तरी येऊ द्या हो!

पहाटवेळ

दोन दिवस डोक्यात तेच तेच घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढते.

मंगळवारची गोष्ट. पहाटे पावणेसहा. माझे बाबा ८४ वर्षांचे आहेत, दीड वर्ष झालं अंथरुणावर आहेत. त्यांना या वेळेला जाग येते आणि जाग आली की हात आधी उशाजवळच्या रेडिओवर जातो. रेडिओ लागला तेव्हा ललत राग चालू होता, संथ लयीतलं विलंबित अर्ध्यावर आलेलं. पुरुष आवाज, जरा पिकलेला, आणि साथीला सारंगी. पेटी नाही, नुसती सारंगी. दोन्ही मध्यमांच्या (शुद्ध आणि तीव्र म) मधे तो आवाज असा काही रेंगाळत होता की मी गॅस बारीक केला आणि खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. बाबा डोळे मिटून पडलेले आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर एकतालाच्या मात्रा मोजत होती. त्या हाताची एवढी हालचाल मी दीड वर्षात बघितली नव्हती, खरंच सांगते.

मग जलद लयीतलं द्रुत झालं, संपत आलं, तिहाई सुरू झाली (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतात ती), मी पटकन मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं होतं, आणि तिहाईचा तिसरा तुकडा यायच्या आत निवेदक बोलायला लागला. "वाऽऽ, काय प्रसन्न सकाळ आहे मित्रांनो, तुमच्या हातात वाफाळत्या चहाचा कप असेलच..." सम आली ती त्या चहाच्या कपाखाली. बाबांचं बोट वर उचललेलं होतं, ते खाली आलंच नाही. पुढे हवामान, मग "तुमची सकाळ कशी सुरू झाली ते आम्हाला मेसेज करून कळवा", मग जाहिरात, मग बासरी.

बाबांनी डोळे उघडून विचारलं, "कोण गात होतं गं?"

मला सांगता आलं नाही, कारण त्यांनी ते सांगितलंच नाही! चहा सांगितला, ऊन सांगितलं, मेसेजचा नंबर दोनदा सांगितला, पण गायक कोण, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, एक अक्षर नाही. सुरुवातीला सांगितलं असेलही, पण रेडिओ काय सगळे पहिल्या मिनिटापासून लावून बसतात का?

केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण हे एका केंद्राचं नाहीच, चार ठिकाणी हाच अनुभव येतो. निवेदकाने बोलू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. बाबांमुळे मी लहानपणापासून रेडिओच्या आवाजात वाढले, निवेदकांचे आवाज मला घरच्या माणसांसारखे आहेत. पण गाणं चालू असताना त्यावर बोलायचं, आणि जे सांगायला हवं तेच नेमकं गाळायचं, हे मला सहन होत नाही. तुमचे अनुभव सांगा. आणि त्या ललतचा शेवटचा दोन मिनिटांचा तुकडा माझ्याकडे आहे, कुणाला आवाज ओळखता येईल असं वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी पाठवते.

कोमलधैवत

+१०० आणि अजून शंभर.

माझी तक्रार शेवटाची नाही, सुरुवातीची आहे. तंबोरा सुरू होतो आणि त्या तंबोऱ्यावरच ह्यांचं बोलणं चालू असतं. त्यांना वाटतं तंबोरा म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक. अरे, गाणं तिथेच सुरू झालेलं असतं ना! गायक अजून बोललेला नसतो पण कान जुळायला लागलेला असतो. तुमच्या ललतचंच घ्या, ललतमध्ये पंचम (प) नाही, त्यामुळे तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला न लावता मध्यमाला नाहीतर निषादाला लावतात. म्हणजे राग कुठला असेल याची पहिली चाहूल तंबोराच देतो. आणि नेमकं तेवढंच बोलण्याखाली गाडून टाकतात.

सुषमा_त

अगदी अगदी. वाचनखूण साठवली.

जुना_ट्रान्झिस्टर

पहाटवेळ, तुमच्या बाबांच्याच पिढीतला मी, पाचसहा वर्षांनी लहान असेन. वाचताना गलबलून आलं.

आमच्या घरी वडील 'इंडियन लिसनर' मागवायचे. रेडिओचं स्वतःचं नियतकालिक होतं ते, कुठल्या केंद्रावर किती वाजता कोण गाणार, राग कुठला, सगळं आधी छापून यायचं. वडील त्यात शिसपेन्सिलीने खुणा करून ठेवायचे. म्हणजे ऐकणारा तयारीनिशी बसायचा आणि निवेदकाला फार बोलावंच लागायचं नाही. राग, ताल, गायकाचं नाव, साथीदार, बास. संपल्यावर परत तेच उलट्या क्रमाने, "आत्ता आपण ऐकलंत..." त्या "आत्ता आपण ऐकलंत"ला काय वजन होतं, जो मधेच येऊन बसला असेल त्याच्यासाठी होतं ते वाक्य.

१९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून आकाशवाणीचं संगीत संमेलन. त्या वेळी नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, १९५२ ते ६२ अशी दहा वर्षं खातं त्यांच्याकडे होतं. सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली म्हणून त्यांना नावं ठेवतात, आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले हे खरंच आहे, मग १९५७ ला विविध भारती काढावी लागली. पण खेडोपाडी ज्याच्या घरात ग्रामोफोन नव्हता, ज्याने जन्मात मैफल पाहिली नव्हती त्याच्या कानावर ख्याल, म्हणजे रागदारी गाणं, पडला तो त्या काळात, हेही तेवढंच खरं. माझ्या कानावर असाच पडला, पंढरपूरजवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या रेडिओवर. चावडीसमोर खांबावर कर्णा होता. गाणं कळत नव्हतं, पण मधे कुणी बोलत नव्हतं म्हणून ऐकत बसलो. बोलत असते तर उठून गेलो असतो.

नवखा_श्रोता

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका.

मी २९ वर्षांचा आहे, घरात शास्त्रीय संगीत कुणीच ऐकत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये ऐकायला सुरुवात केली. तुम्ही म्हणताय तसं नुसतं "राग मारवा, ताल झपताल" असं सांगितलं तर माझ्यासारख्याला काय कळणार? दार बंदच राहतं. मला आठवतंय एका निवेदिकेने मारवा लावायच्या आधी सांगितलं होतं, की या रागात षड्ज, म्हणजे सा, अगदी कमी वेळा लागतो, गायक घरी यायचं टाळत राहतो, तुम्ही वाट बघत राहा. मी खरंच वाट बघत बसलो. आणि दहाबारा मिनिटांनी तो सा लागला तेव्हा अंगावर काटा आला. त्या बाईंनी सांगितलं नसतं तर तो सा माझ्या कानावरून निघून गेला असता. मग ती बडबड म्हणायची का?

त्यामुळे सरसकट "गप्प बसा" म्हणू नका, आमच्यासारख्यांचा विचार करा.

पहाटवेळ

@नवखा_श्रोता, राग कसला मानायचा, फार छान लिहिलंत. त्या निवेदिका मला रोज चालतील, रोज! त्यांनी तुम्हाला कान कुठे लावायचा ते सांगितलं आणि बाजूला झाल्या. मी ज्याबद्दल लिहिते ते म्हणजे "आहाहा, किती मन शांत करणारे सूर आहेत ना". ते शांत करणारे आहेत की अस्वस्थ करणारे ते माझं मला ठरवू द्या की. मारवा ऐकून कुणाचं मन शांत होतं?

तुमच्या पोस्टमुळे एक गोष्ट मला स्पष्ट झाली. माझी तक्रार बोलण्याच्या लांबीबद्दल नाही, त्यात संगीत आहे की नाही याबद्दल आहे. विविध भारतीची संगीत सरिता आठवा. पंधराच मिनिटं, त्यातही बरंचसं बोलणंच असायचं. रागाची ओळख, एखादं सिनेमाचं गाणं, मग त्याच रागातलं गायन नाहीतर वादन. पण एक शब्द कधी नकोसा वाटला नाही कारण बोलणारा स्वतः गाणारा-वाजवणारा असायचा आणि तो रागाबद्दलच बोलायचा. सकाळी डबे भरता भरता मी तिथे किती राग शिकले.

तांत्रिक_बाजू

मी एफएम ट्रान्समिशनमध्ये बरीच वर्षं काम केलंय, आतली बाजू सांगतो म्हणजे थोडा उलगडा होईल.

पहिलं म्हणजे आता बऱ्याच ठिकाणी निवेदक गाणं ऐकत बसलेलाच नसतो. त्याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. तो आदल्या दिवशी येतो, चार तासांचं बोलणं चाळीस मिनिटांत रेकॉर्ड करून जातो आणि सॉफ्टवेअर ते तुकडे गाण्यांच्या मधे बसवतं. प्रत्येक फाइलला शेवटी एक खूण असते, त्या खुणेला पुढची फाइल सुरू होते. ही खूण सिनेमाच्या गाण्याच्या हिशोबाने लावलेली असते, कारण सिनेमाची गाणी शेवटी फेड होत, म्हणजे हळूहळू विरत जातात आणि त्यावर बोललं तरी चालतं. ख्यालाचा शेवट फेड होत नाही, तो समेवर येतो, आणि खूण दोन सेकंद आधी लागली की झालंच कल्याण. पहाटवेळ यांच्या तिहाईचं बहुतेक हेच झालंय. निवेदकाला कदाचित माहीतही नसेल की त्याने समेवर पाय दिला.

दुसरं, शांतता. ट्रान्समीटरला सायलेन्स डिटेक्टर असतो, ठरावीक सेकंद आवाज आला नाही की अलार्म वाजतो किंवा राखीव फाइल आपोआप सुरू होते. लाइन तुटली तर कळावं म्हणून ती सोय आहे, चूक नाही. पण त्यामुळे सगळ्या खात्याच्या मनात शांतता म्हणजे बिघाड असं बसून गेलंय.

आणि तिसरं फार कुणाच्या लक्षात येत नाही पण कानाला त्रास देतं. प्रोसेसर. एफएमवर आवाज सगळीकडे सारखा मोठा राहावा म्हणून कॉम्प्रेशन करतात. आलापात गायक थांबला की यंत्राला वाटतं आवाज कमी झाला, ते लगेच वर खेचतं. म्हणून तंबोरा एकदम अंगावर आल्यासारखा मोठा होतो आणि गायकाने सूर लावला की परत मागे जातो. हा वरखाली हेलकावा एकदा ओळखलात की मग ऐकवत नाही. शास्त्रीयच्या वेळेपुरतं वेगळं सेटिंग लावता येतं, काही मिनिटांचं काम आहे, कुणी मागणी करत नाही म्हणून होत नाही.

कोमलधैवत

@तांत्रिक_बाजू, म्हणजे तो तंबोऱ्याचा हेलकावा खरा असतो! मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्या रेडिओत काहीतरी बिघाड आहे. दोन रेडिओ बदलले.

थेम्सकाठी

लंडनहून लिहितेय. हे दुखणं इकडेही तसंच आहे, फक्त राग-तालाच्या जागी सिम्फनी ठेवा.

इकडे बीबीसीचा थर्ड प्रोग्रॅम १९४६ ला सुरू झाला, १९६७ ला त्याचं रेडिओ थ्री झालं, मग १९९२ ला क्लासिक एफएम ही व्यावसायिक वाहिनी आली, आणि मी इथे आल्यापासून बघतेय, जुने श्रोते हीच तक्रार करतात की पूर्वी निवेदक माहिती देऊन थांबायचे, आता गप्पा मारतात. आमच्या शेजारच्या आजोबांशी माझी मैत्रीच या विषयावरून झाली. ते म्हणतात एवढा मोठा माणूस मरता मरता जे लिहून गेला त्याच्या शेवटच्या सुरावर हे "गुड मॉर्निंग" कसं म्हणू शकतात.

मी विशेषतः संगीतकार मालरच्या नवव्या सिम्फनीबद्दल सांगेन. शेवटचा भाग इतका हळू हळू विरत जातो की सूर कधी संपला आणि शांतता कधी सुरू झाली ते कळत नाही. ती शांतता त्या रचनेतच लिहिलेली आहे असं म्हटलं तरी चालेल. सभागृहात लोक कितीतरी वेळ टाळी वाजवत नाहीत, कंडक्टरचा हात खाली येईपर्यंत. आणि गेल्या वर्षी एका वाहिनीवर (नाव नको) ते संपतं न संपतं तोच पुढच्या कार्यक्रमाची जोरदार झलक लागली. मी बसमध्ये होते, हेडफोन काढून टाकले.

पण चांगलंही सांगते. थेट मैफलीचं प्रक्षेपण असतं ना, प्रॉम्स या इथल्या उन्हाळी संगीतमहोत्सवाचं वगैरे, तेव्हा निवेदक इतका सुंदर बोलतो. वादक मंचावर येतायत, सूर जुळवतायत, कंडक्टर दारातून बाहेर पडला, हे सगळं दबक्या आवाजात, शेजारच्या खुर्चीवर बसलेला जाणकार कानात सांगतो तसं. तो सभागृहात असतो ना! गाण्याच्या खोलीत बसलेला माणूस आपोआप हळू बोलतो.

माई_देवगड

माझं थोडं ऐका. मेसेज मागवतात, वाचून दाखवतात त्यावर तुम्ही चिडलात, पण माझी मावशी गावी एकटी असते, मुलगे मुंबईला. तिने एकदा मेसेज केला आणि रेडिओवर तिचं नाव घेतलं, आठ दिवस ती तेच सांगत होती सगळ्यांना. एकट्या माणसाला तो आवाज फार मोठा आधार असतो. तो काढून घेऊ नका.

जुना_ट्रान्झिस्टर

माई, खरं आहे तुमचं. त्यासाठी तर फर्माइशीचे कार्यक्रम होते. झुमरीतलैया हे गाव कुठे आहे ते अर्ध्या देशाला माहीत नव्हतं, पण तिथल्या लोकांची नावं आम्हाला पाठ होती. त्या कार्यक्रमात नावं वाचणं हाच आनंद होता, आणि तो वेगळ्या वेळी वेगळ्या जागी होता. देवघरात कुणी पाहुण्यांची यादी वाचत नाही. मावशींना सांगा, फर्माइश पाठवत राहा.

मिरजेचा

आमच्या गल्लीत तंबोरे बनतात म्हणून लिहितो. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पेपरात आलं असेल तुम्ही वाचलं. घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, लावतात, दोरा केसाएवढा इकडचा तिकडे झाला तर आवाज मिटतो. एकेका तंबोऱ्याची जवारी काढायला कारागीर दिवस दिवस घालवतो. ती जवारी ऐकू येते कधी? गायक थांबला की. आणि त्याच वेळेला हे बोलतात. आमच्या काकांनी रेडिओवर शास्त्रीय लावायचंच सोडून दिलं, म्हणतात माझं काम ऐकूच येत नाही.

स्वरदा_के

रागम् ऐकून बघा ना सगळ्यांनी. आकाशवाणीचीच वाहिनी आहे, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली, चोवीस तास हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत. आकाशवाणीच्या ॲपवर आणि डीटीएचवर लागते. जुनी जुनी ध्वनिमुद्रणं असतात. मी ऑफिसला जाताना तेच ऐकते.

पहाटवेळ

@स्वरदा_के, माहीत आहे, मी स्वतः ऐकते. पण बाबांना ॲप जमत नाही हो. त्यांना खटका फिरवला की लागणारा रेडिओच हवा, अंधारात हाताला सापडणारा.

@माई_देवगड, तुमचं वाचून मी जरा थांबले. बाबाही दिवसभर एकटेच असतात, मी साडेआठला जाते ती सहाला येते. त्यांना पण माणसाचा आवाज हवा असतो, हे खरंच आहे.

एकेकाळी_स्टुडिओत

बराच विचार करून लिहितेय. मी अकरा वर्षं एका केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते.

पहाटेच्या ड्यूटीला घरातून चार वाजता निघावं लागायचं. स्टुडिओत गेल्यावर ड्यूटी रूममधून क्यू शीट घ्यायची. क्यू शीटवर गायकाचं नाव, राग, कालावधी आणि टेपचा नंबर असायचा. साथीदारांची नावं कधी असायची, कधी नसायची. ती टेपच्या खोक्यावर लिहिलेली असायची, म्हणून मी दहा मिनिटं लवकर जाऊन खोके उघडून नावं वहीत उतरवून घ्यायचे. मग टेपांच्या फाइल झाल्या, संगणकावर आल्या, आणि खोके गेले कपाटात. फाइलच्या नावात गायक आणि राग एवढंच लिहिलं होतं. तबलावाले, सारंगीवाले, पेटीवाले सगळे त्या खोक्यांवर राहिले. पहाटवेळ, तुमच्या निवेदकाने सारंगीवाल्यांचं नाव सांगितलं नाही ते कदाचित त्याच्या पडद्यावर नव्हतंच. गायकाचं न सांगणं मात्र चूकच.

मी कामाला लागले तेव्हा एक ज्येष्ठ निवेदिका होत्या, त्यांनी मला पहिल्या दिवशी काय शिकवलं सांगू? त्यांनी माझा हात धरून फेडरवर (आवाज कमीजास्त करायची सरकती कळ) ठेवला, एक मालकंस लावला आणि म्हणाल्या, संपलं की माइक उघड. शेवटची सम आली, मी फेडर सरकवला. त्यांनी हात मागे ओढला. म्हणाल्या, तंबोरा ऐक. तबला थांबला होता पण तंबोरा अजून विझत होता. तो पूर्ण विझला, मग त्यांनी मनात दोन आकडे मोजले आणि मग माझा हात सोडला. "आता बोल, आणि हळू बोल, लोक अजून तिकडेच आहेत." मी अकरा वर्षं तो विझणारा तंबोरा ऐकून मगच माइक उघडला.

शेवटी शेवटी मात्र सांगितलं गेलं, बाई, तुमच्या लिंक (गाण्यांमधलं बोलणं) फार थंड असतात, एनर्जी हवी, श्रोत्याशी कनेक्ट हवा. ताज्या आवाजाची मुलं घेतली. ती मुलं वाईट नाहीत हो, त्यांना कुणी हात धरून शिकवलंच नाही, आणि लाइव्ह बसवतही नाहीत. एका ड्यूटीचे पैसे किती मिळतात ते ऐकलंत तर त्यांच्यावर चिडणार नाही तुम्ही.

आणि बातम्यांच्या वेळेला गाणं मधेच तोडतात त्याबद्दलही शिव्या खाल्ल्यात आम्ही. दिल्लीचं बुलेटिन ठरल्या सेकंदाला येतं, ते आमच्या हातात नसतं. त्या वेळी मी फेडर खाली आणताना निदान आवर्तन (तालाचा एक फेरा) पूर्ण होईल असं बघायचे. चार मात्रा इकडे तिकडे.

नवखा_श्रोता

@एकेकाळी_स्टुडिओत, तुम्ही यावर सविस्तर स्वतंत्र धागा काढाच, प्लीज.

तांत्रिक_बाजू

खोक्यांचं बरोबर आहे. डिजिटायझेशन करताना ध्वनी जपला गेला आणि लेबल सुटलं, हे बऱ्याच ठिकाणी झालंय. फाइलमध्ये साथीदारांचा रकाना असतो, तो रिकामा असतो एवढंच. कपाटातले खोके अजून असतील तर बसून भरता येईल.

अंतरा_पुणे

नावं सांगण्यावरून आठवलं. आपल्याकडचं अगदी सुरुवातीचं निवेदन कलाकारानेच केलंय. १९०२ साली कलकत्त्याला गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, गाणं संपताच ती स्वतः मोठ्याने म्हणते "माय नेम इज गौहर जान". तबकड्या जर्मनीत हॅनोवरला बनायच्या, तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं ते कळावं आणि लेबल चुकू नये म्हणून ती सोय होती. तीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल बसवायचा, एकेक सेकंद मोलाचा, तरी त्यातून नावापुरता वेळ राखून ठेवलेला. आज तासभराच्या कार्यक्रमात तो मिळत नाही!

सवाई गंधर्वला आनंद देशमुख निवेदन करतात ते ऐकलंय ना सगळ्यांनी? समोर एवढा जनसमुदाय आणि आवाज कसा एकसारखा, शांत. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावंसुद्धा ऐकू येतात. तंबोऱ्यावरचा मुलगा आपलं नाव ऐकून कसा सावरून बसतो ते बघितलंय मी.

कोमलधैवत

मग आपण सगळे मिळून पत्र पाठवू या का? केंद्राकेंद्राला. नुसती चिडचिड करून काय उपयोग. मी मसुदा करतो, तीनच मागण्या ठेवू: गाण्यावर आणि तंबोऱ्यावर बोलू नये, शेवटी सगळ्या कलाकारांची नावं सांगावीत, आणि शास्त्रीयच्या वेळात तांत्रिक_बाजू यांनी सांगितलेलं सेटिंग लावावं.

एकेकाळी_स्टुडिओत

चौथी घाला. खोके उघडून नावं भरायचं काम असेल तर आम्ही जुने निवेदक येऊन बसू. मी येईन. माझ्या ओळखीतल्या अजून दोघी येतील.

आणि पत्र छापील पाठवा, पोस्टाने. पोस्टाच्या पत्राला आवक नंबर पडतो, ते कुणालातरी वाचावंच लागतं.

माई_देवगड

माझी पण सही घ्या. आणि पत्रात निवेदकांनी बोलूच नये असं लिहू नका एवढंच.

कोमलधैवत

नाही लिहिणार माई. "सम झाल्यावर बोलावे" असं लिहितो.

जुना_ट्रान्झिस्टर

@पहाटवेळ, तुम्ही पाठवलेला तुकडा काल रात्री चारपाच वेळा ऐकला. चहाच्या वाक्याआधीची ती तान आहे ना, खाली उतरता उतरता शुद्ध मध्यमावर जरा थबकते, ती ऐकून मी उठलो आणि कपाटातल्या कॅसेटी काढल्या. ८० च्या दशकात मी रेडिओवरून पुष्कळ टेप करायचो. पस्तीसेक कॅसेटी पाहिल्या, काहींना बुरशी लागलीय. सकाळी अकराला सापडला. तोच ललत, पूर्ण, सुरुवातीच्या तंबोऱ्यापासून. तिसरा तुकडा आहे, समही आहे. आणि शेवटी निवेदिका सावकाश चारही नावं सांगतात, गायक, तबला, सारंगी आणि तंबोरा.

रेडिओवरून टेप केलेलं आहे म्हणून इथे लिंक टाकत नाही. नातवाकडून फाइल करून घेतली, नावांसकट व्यनि केलाय. बघा.

पहाटवेळ

@जुना_ट्रान्झिस्टर, मिळाला. काय लिहू कळत नाहीये.

आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत, ललतची वेळ नाही, मी बाबांना म्हटलं सकाळी लावू या का, तर म्हणाले आत्ताच लाव. मोबाइल उशाशी ठेवला. बोटं परत चालू झाली. तिहाई आली, पहिला, दुसरा, तिसरा, आणि बोट चादरीवर टेकलं. मग तंबोरा विझेपर्यंत ते काही बोलले नाहीत, मीही नाही. निवेदिकेने नावं सांगितली. सारंगीचं नाव ऐकल्यावर बाबा म्हणाले, "हं, मला वाटलंच. परत लाव."

सुषमा_त

@कोमलधैवत, पत्रावर माझंही नाव.